शेतीतील नवउद्योग आणि साहस-भांडवलाचा हिशेब

गेल्या काही वर्षांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून एक नवी मंडळी वावरू लागली आहे. कोणी मोबाईलवर पानाचे छायाचित्र घेऊन रोगाचे निदान सांगतो, कोणी ड्रोनने फवारणी करून देतो, कोणी मोंढ्यात न जाता बांधावरच सोयाबीन व तूर खरेदी करण्याची तयारी दाखवितो. या मंडळींचे कपडे, भाषा आणि उत्साह पाहून शेतकऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे लोक इतक्या स्वस्तात, कधी कधी तर फुकट, सेवा देतात ती कोणाच्या पैशावर? आणि आज आलेले हे लोक दोन हंगामांनंतर येथे दिसतील काय? कृषी पदवीधर तरुणांच्या मनात तिसराच प्रश्न असतो : असे भांडवल आपणांस मिळेल काय?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. या उद्योगांच्या मागे जे भांडवल असते त्यास साहस-भांडवल म्हणतात. बोलण्यात व्हेंचर कॅपिटल हा शब्द रूढ आहे. हे भांडवल पुरविणारा मनुष्य कोणता हिशेब मांडतो, कशास भुलतो आणि कशापासून दूर राहतो, हे एकदा समजले म्हणजे त्याच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीचे वागणेही समजते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

ठोका, गावकी आणि बटई

आपल्याकडे जमीन कसावयास देण्याच्या पद्धती सर्वांस ठाऊक आहेत. जमीन ठोक्याने दिली म्हणजे ठरलेली रक्कम मालकास मिळते. मग पीक येवो वा बुडो. बटईने दिली म्हणजे पिकेल त्याचा हिस्सा मिळतो. पिकले नाही तर मालकाच्याही पदरी काही पडत नाही. भांडवलाचेही तसेच आहे. बँकेचे कर्ज हा ठोका होय. बँकेस तुमचा धंदा दसपट झाला तरी व्याजाहून एक पैसा अधिक मिळत नाही. म्हणून ती तारण मागते आणि धंदा बुडणार नाही एवढेच पाहते. साहस-भांडवल ही बटई होय. गुंतवणूकदार तारण घेत नाही, व्याज मागत नाही. तो कंपनीच्या मालकीचा हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर त्याचे पैसे बुडाले. मात्र कंपनी शंभरपट वाढली तर त्याचा हिस्साही शंभरपट वाढतो. सबब त्याचे सारे लक्ष कंपनी किती मोठी होऊ शकेल याकडे असते.

तिसरी पद्धत गावकीची. आपल्या भागातील सहकारी साखर कारखाने याच पद्धतीने उभे राहिले. ऊस पिकविणाराच भागधारक, आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदास एकच मत. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास हा मार्ग घालून दिला. तेथे भांडवल घालणाऱ्याची अपेक्षा भागाची किंमत वाढावी अशी नव्हती. आपल्या उसास चांगला भाव मिळावा अशी होती. या तीन पद्धतींत कोणती श्रेष्ठ असा प्रश्न नाही. कोणत्या कामास कोणती योग्य, हे ओळखणे महत्त्वाचे.

या पद्धतीचा उगम

संघटित स्वरूपात साहस-भांडवलाचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाला. बोस्टन येथे १९४६ मध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन झाली. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज दोरिओ हे तिचे सूत्रधार होते. या संस्थेने १९५७ मध्ये दोन तरुण अभियंत्यांच्या डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत ७०,००० डॉलर घालून सुमारे ७० टक्के भाग घेतले. ही कंपनी लहान आकाराचे संगणक बनवू लागली, १९६६ मध्ये तिचे भाग लोकांस विक्रीस निघाले, आणि घातलेल्या रकमेचे मोल शेकडो पटींनी वाढले. दोरिओ यांच्या संस्थेने अनेक कंपन्यांत पैसे घातले होते. परंतु तिच्या एकूण नफ्याचा फार मोठा वाटा या एकाच कंपनीने दिला. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात १९८८ मध्ये आय.सी.आय.सी.आय. व युनिट ट्रस्ट यांच्या सहभागाने बेंगळुरू येथे अशा कामासाठी एक कंपनी निघाली. पुढे २०१२ मध्ये सेबीने पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम केले आणि साहस-भांडवलाचे निधी त्या नियमांखाली आले. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र शासनाने स्टार्टअप इंडिया हा कार्यक्रम सुरू केला व सिडबीमार्फत १०,००० कोटी रुपयांचा निधी ठेवला. हा निधी थेट कंपन्यांस न देता साहस-भांडवलाच्या निधींस दिला जातो आणि ते निधी कंपन्या निवडतात. शेती व ग्रामीण नवउद्योगांसाठी ३ सप्टेंबर २०२४ रोजी ७५० कोटी रुपयांचा ॲग्रीशुअर हा निधी जाहीर झाला; त्याचे व्यवस्थापन नाबार्डच्या नॅबव्हेंचर्स या कंपनीकडे सोपविण्यात आले.

शंभर कोटींचा हिशेब

हा पैसा गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खिशातला क्वचितच असतो. विमा कंपन्या, बँका, शासकीय संस्था व धनिक कुटुंबे यांच्याकडून तो गोळा केलेला असतो आणि साधारणतः दहा वर्षांत तो परत करावयाचा असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊन त्याचा हिशेब मांडू.

समजा, निधी १०० कोटी रुपयांचा आहे. दरवर्षी दर शेकडा २ प्रमाणे दहा वर्षांचा व्यवस्थापनखर्च २० कोटी होतो. उरलेले ८० कोटी प्रत्येकी ४ कोटीप्रमाणे २० कंपन्यांत घातले. ज्यांनी पैसे दिले त्यांस दहा वर्षांत एकूण ३०० कोटी दाखवावयाचे आहेत. ही अपेक्षा हावरेपणाची वाटते. परंतु सारी रक्कम पहिल्याच दिवशी दिली असे धरले तर दहा वर्षांत तिप्पट म्हणजे चक्रवाढीने साल दर शेकडा सुमारे साडेअकरा होतात. त्यातून २०० कोटींच्या नफ्यावर व्यवस्थापकांचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४० कोटी, वजा केल्यास मूळ मालकांच्या हाती २६० कोटी राहतात, आणि दर सुमारे दहा टक्क्यांवर येतो. सर्व रक्कम बुडण्याचा धोका पत्करणाऱ्यास एवढा दर मिळू नये तर त्याने पैसे मुदत ठेवीत का ठेवू नयेत?

आता त्या २० कंपन्यांचे काय होते ते पाहू. समजा १० कंपन्या बुडाल्या, त्यांपासून शून्य. ६ कंपन्यांनी मुद्दल तेवढे परत केले. त्याचे २४ कोटी. ३ कंपन्यांनी पाचपट दिले. त्याचे ६० कोटी. एकूण झाले ८४ कोटी. ३०० कोटी होण्यास २१६ कोटी कमी पडतात आणि हाती कंपनी उरली एक. त्या एका कंपनीत निधीचा हिस्सा आरंभी २० टक्के होता. पुढे नवे गुंतवणूकदार आल्याने तो घटून १२ टक्के झाला असे धरल्यास, २१६ कोटी मिळण्यासाठी ती कंपनी १,८०० कोटी रुपयांची झाली पाहिजे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, वीसपैकी कोणती एक कंपनी फळणार हे आधी कळत नसल्याने गुंतवणूकदार प्रत्येक कंपनीस एकच प्रश्न विचारतो : सर्व काही मनासारखे घडले तर ही कंपनी हजार-दोन हजार कोटींची होऊ शकेल काय? उत्तर नाही असे आले तर धंदा कितीही सचोटीचा व फायद्याचा असो, तो उठून जातो. लातुरातील एखादी डाळमिल घातलेल्या भांडवलावर सालीना दर शेकडा वीस मिळवीत असेल तर तो उत्तम धंदा होय. बँकेने त्यास आनंदाने कर्ज द्यावे. साहस-भांडवलास मात्र तो चालत नाही. नकार मिळाला म्हणजे आपला धंदा वाईट ठरला, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट अशी की, पैसा घेतल्यानंतर कंपनीने सावकाश, बेताने, आपल्या पायावर वाढावे अशी गुंतवणूकदाराची इच्छा नसते. मुद्दल परत करणाऱ्या सहा कंपन्यांत जमा होण्यापेक्षा तिने मोठी उडी घ्यावी, मग ती पडली तरी चालेल, असा त्याच्या हिशेबाचा कल असतो. फुकट सेवा, भरमसाट जाहिरात व भराभर नवे जिल्हे ही त्या उडीची लक्षणे होत.

बीज पैदासकाराची दृष्टी

हा विचार शेतकऱ्यास परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात एनएचएच ४४ हा संकरित कापूस दिला. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा हा वाण मराठवाड्याबाहेरही दूरवर पसरला. असा एक वाण हाती येण्यापूर्वी पैदासकार असंख्य संकर करतो आणि त्यांतील बहुतेक सारे टाकून देतो. टाकलेल्या प्रत्येक संकरात त्याचे नुकसान एका वाफ्यापुरते असते. परंतु जो एक साधला त्याचे बी लाखो एकरांवर वाढविता येते. नुकसानीस मर्यादा, लाभास मर्यादा नाही. साहस-भांडवलाचा पायाही हाच आहे.

तंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे हा पैसा का वळतो, याचे कारणही येथेच सापडते. मोबाईलवर चालणारी आज्ञावली एकदा तयार झाली म्हणजे ती दहा शेतकऱ्यांनी वापरली काय आणि दहा लाखांनी वापरली काय, तयार करण्याचा खर्च पुन्हा करावा लागत नाही. वाणाच्या बियाप्रमाणे ती वाढविता येते. याउलट ट्रॅक्टर, गोदाम वा डाळमिल यांचे काम दुप्पट करावयाचे तर यंत्रेही जवळजवळ दुप्पट लागतात.

गुंतवणूकदार काय पारखतो

पहिली पारख माणसांची. आरंभी कंपनीकडे दाखविण्यासारखे दुसरे काहीच नसते. संस्थापकांस पिकाची, बाजाराची व शेतकऱ्याच्या अडचणींची प्रत्यक्ष जाण आहे काय, त्यांच्यांत एक तंत्रज्ञ व एक व्यवहार जाणणारा असा मेळ आहे काय, आणि योजना फसल्यावर ते मार्ग बदलतील की हट्टाने त्याच वाटेने जातील, हे पाहिले जाते. आपल्या भागातील कृषी पदवीधराची जमेची बाजू येथे आहे. तुरीचा मर व सोयाबीनचा पिवळा मोझॅक त्याने शेतात उभे राहून पाहिलेला असतो. ती जाण शहरातील कार्यालयात बसून येत नाही.

दुसरी पारख बाजाराच्या विस्ताराची. एका तालुक्याचा प्रश्न सोडविणारी युक्ती उपयुक्त असली तरी त्यास पुरत नाही. तोच प्रश्न मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादकास व तेलंगणातील कापूस उत्पादकास आहे काय, असे तो विचारतो.

तिसरी पारख एका शेतकऱ्यामागील जमाखर्चाची. समजा, सल्ला देणाऱ्या कंपनीस एक नवा शेतकरी जोडण्यास जाहिरात, मेळावे व प्रतिनिधींचा प्रवास धरून ६०० रुपये खर्च येतो आणि त्या शेतकऱ्यापासून सालीना २०० रुपये सुटतात. शेतकरी दोन वर्षांनी सोडून गेला तर ४०० रुपये मिळाले व २०० रुपये अंगावर पडले. तो पाच वर्षे टिकला तर १,००० रुपये मिळाले व ४०० रुपये उरले. म्हणून किती शेतकरी जोडले या आकड्यापेक्षा गेल्या हंगामातील किती शेतकरी या हंगामात परत आले, हा आकडा जाणता गुंतवणूकदार आधी मागतो. जिथे प्रत्येक शेतकऱ्यामागे तोटा आहे तिथे शेतकरी वाढले की तोटाच वाढतो.

चौथी पारख वेगळेपणाची. आज जे आपण करतो ते उद्या मोठ्या भांडवलाची दुसरी कंपनी करू लागली तर शेतकरी आपल्याकडे का राहील? अनेक वर्षांची जमविलेली माहिती, गावोगावचा विश्वास वा एखादे पेटंट, असे काही तरी कुंपण असावे लागते.

पाचवी पारख बाहेर पडण्याच्या वाटेची. निधीची मुदत संपण्यापूर्वी आपला हिस्सा कोणास तरी विकला गेला पाहिजे. मोठ्या कंपनीस, दुसऱ्या गुंतवणूकदारास, अथवा शेअर बाजारात. वाट दिसत नसेल तर आत शिरण्यात अर्थ नाही, असा त्याचा विचार असतो.

एवढी पारख झाल्यावरही सारा पैसा एकदम दिला जात नाही. ज्याप्रमाणे पाणी थोडे असता आपण ते फुलोऱ्यास व शेंगा भरताना देतो, त्याप्रमाणे तो टप्प्याटप्प्याने पैसे देतो. पहिल्या पैशात युक्ती चालते हे दाखवावे, दुसऱ्यात लोक पैसे देतात हे, आणि तिसऱ्यात विस्तार होतो हे. टप्पा साधला नाही तर पुढील पाणी मिळत नाही, आणि पुष्कळ कंपन्या येथेच वाळतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पुण्याची ॲग्रोस्टार ही कंपनी या रीतीचे चांगले उदाहरण आहे. शार्दूल व सीतांशू शेठ या बंधूंनी २०१३ मध्ये शेतकऱ्यांसाठी ही सेवा सुरू केली. शेतकऱ्याने दूरध्वनीवर मिस्ड कॉल द्यावा, जाणकाराने उलट फोन करून सल्ला द्यावा आणि बियाणे-औषधे गावात पोचवावीत, अशी ती योजना होती. आविष्कार, ॲक्सेल, चिराते आदी निधींनी तिच्यात टप्प्याटप्प्याने पैसे घातले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिला आणखी ७ कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने पाहिल्यास तिचे आकर्षण उघड आहे. बियाणे व औषधे प्रत्येक हंगामात लागतात, बाजार देशभर आहे, आणि शेतकरी प्रश्न विचारतो तेव्हा कोणत्या भागात कोणती कीड आली याची माहितीही जमा होते.

दुसरे उदाहरण हवामानाचे. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने महावेध प्रकल्प हाती घेऊन स्कायमेट या खासगी कंपनीमार्फत महसूल मंडळांच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली; त्यांची संख्या राज्यात दोन हजारांवर गेली. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस पीक विम्याच्या निमित्ताने या केंद्रांचे महत्त्व परिचयाचे आहे. या कंपनीत शेतीविषयक तंत्रज्ञानास वाहिलेल्या मुंबईच्या ओम्निव्होर या निधीने भांडवल घातले होते. शासन हे मोठे गिऱ्हाईक मिळाल्यास लहान कंपनी कशी उभी राहते, हे यावरून दिसते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. २०२० मध्ये बेंगळुरू येथे निघालेल्या रेशामंडी या रेशीम क्षेत्रातील कंपनीस गुंतवणूकदारांचे भांडवल मिळाले, तिचा विस्तार फार वेगाने झाला, आणि २०२४ पर्यंत तिचा व्यवहार कोलमडला. पूर्वीच्या हिशेबातील बुडालेल्या दहा कंपन्या त्या अशा असतात. गुंतवणूकदार आपले नुकसान उरलेल्या कंपन्यांतून भरून काढतो. शेतकऱ्याजवळ मात्र वीस शेते नसतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. गुंतवणूकदारास परवडणारा धोका शेतकऱ्यास परवडत नाही, हे या साऱ्या विषयाचे सार आहे.

शेतीचा काळ व निधीचा काळ

शेतीतील नवउद्योगांपुढे एक अडचण अशी आहे की ती शहरातील उद्योगांस ठाऊक नाही. शहरातील कंपनी सकाळी एक बदल करते आणि सायंकाळपर्यंत त्याचा परिणाम पाहते. सोयाबीनवरील प्रयोग मृगाच्या पावसानंतर सुरू होतो व रास खळ्यावर येईपर्यंत त्याचा निकाल लागत नाही. चुकला तर पुढील प्रयोग पुढच्या वर्षी. दहा वर्षांच्या निधीत खरिपाचे दहाच हंगाम बसतात आणि त्यांतील दोन-तीन तरी अवर्षणात वा अतिवृष्टीत जातात. पी हळद आणि हो गोरी, ही अपेक्षा येथे चालत नाही. ज्या गुंतवणूकदारास हे उमगलेले नसते तो तिसऱ्या वर्षी अधीर होतो, आणि त्या अधीरपणाचा भार अखेर कंपनीच्या प्रतिनिधीवर व शेतकऱ्यावर येतो.

ड्रोनच्या फवारणीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. समजा, संचाची किंमत ९ लाख रुपये, एकरी आकार ५०० रुपये आणि चालक, वाहन, बॅटरी इत्यादी खर्च एकरी ३५० रुपये आहे. एकरी १५० रुपये सुटतात. दिवसाकाठी २५ एकर व हंगामात ६० दिवस काम मिळाले तर १,५०० एकर होतात आणि २ लाख २५ हजार रुपये उरतात. चार वर्षांत संचाची किंमत निघते. गावातील बचत गटास वा तरुणास हा बरा धंदा आहे. परंतु दहापट काम करावयाचे तर दहा संच व दहा चालक लागतात. म्हणून साहस-भांडवलाचे हे काम नव्हे. येथे बँकेचे कर्ज, अनुदान आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीसारख्या योजना उपयोगी पडतात. त्या निधीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जास दर शेकडा ३ व्याजसवलत ठरविण्यात आली होती. अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्याकडून समजून घ्याव्यात.

शेतकरी उत्पादक कंपनी व बाहेरचे भांडवल

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अनेक शेतकरी उत्पादक कंपन्या स्थापन झाल्या आहेत. त्यांचे संचालक पुष्कळदा विचारतात की, आम्हांस असा गुंतवणूकदार मिळेल काय? कायद्याने त्याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. उत्पादक कंपनीची तरतूद २००३ मध्ये कंपनी कायद्यात आली. तिचे भाग केवळ प्रत्यक्ष उत्पादकांनी वा उत्पादकांच्या संस्थांनीच धारण करावयाचे असतात, आणि व्यक्तिशः सभासदांच्या कंपनीत प्रत्येकास एकच मत असते. बाहेरचा निधी तिचा भागधारक होऊ शकत नाही. हा दोष नव्हे. आपल्या संस्थेची मालकी आपल्याच हाती राहावी, यासाठी घातलेले ते कुंपण आहे.

तथापि, या कुंपणातूनही वाट निघू शकते. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने २०२२ मध्ये ३१० कोटी रुपयांचे भांडवल मिळविले. ते इन्कोफिन, कोरिस, एफएमओ व प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी मूळ उत्पादक कंपनीत न घालता काढणीपश्चात प्रक्रियेच्या उपकंपनीत घातले. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. हे गुंतवणूकदार परताव्याबरोबर ग्रामीण विकासाकडेही पाहणारे होते. आणि ते आले तेव्हा द्राक्षाची निर्यात, प्रक्रिया व हिशेब यांची अनेक वर्षांची घडी तेथे आधीच बसलेली होती. भांडवलामुळे घडी बसली नाही. घडी बसली म्हणून भांडवल आले.

लहान उत्पादक कंपन्यांनी आधी सभासदांचे भाग वाढवावेत. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या दहा हजार उत्पादक संस्थांच्या योजनेत सभासदाने घातलेल्या भागाइतके अनुदान, दर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत व कंपनीस कमाल १५ लाख रुपये, अशी तरतूद आहे. सभासदांचा विश्वास हेच अशा कंपनीचे पहिले भांडवल होय.

कागदावरील अटी

ज्या तरुणांस साहस-भांडवल मिळण्याचा योग येईल त्यांनी रकमेच्या आकड्याबरोबर अटी वाचाव्यात. कंपनीचे आधीचे मोल १६ कोटी ठरले आणि ४ कोटी आले म्हणजे एकूण मोल २० कोटी व गुंतवणूकदाराचा हिस्सा पाचवा. परंतु त्याचे भाग बहुधा अग्रहक्काचे असतात. पुढे कंपनी ६ कोटींसच विकावी लागली तर पाचव्या हिश्शाने त्यास १ कोटी २० लाख मिळावयास हवेत. अग्रहक्कामुळे तो आधी आपले ४ कोटी काढून घेतो आणि संस्थापकांस २ कोटी उरतात. संस्थापकांचे स्वतःचे भागही बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने त्यांच्या नावे पक्के होतात. मध्येच सोडून गेल्यास उरलेले भाग जातात. महत्त्वाच्या निर्णयांस गुंतवणूकदाराची संमती लागते. या अटी अन्यायाच्या आहेत असे नाही. त्या आधी माहीत असाव्यात एवढेच. करारावर सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलास व सनदी लेखापालास तो दाखवावा.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

एक : नव्या कंपनीस माल विकताना वजन, प्रत, ओलाव्याची कपात व भाव यांची लेखी पावती घ्यावी आणि पैसे हाती अथवा खात्यात आल्यावाचून पुढील माल देऊ नये. आडत्याकडे उधारीचा व्यवहार पिढ्यांच्या ओळखीवर चालतो. कालच्या कंपनीशी ती ओळख नसते.

दोन : फुकट सेवेचा लाभ अवश्य घ्यावा, परंतु ती उद्या बंद होईल असे धरूनच घ्यावा. जुना कृषी सेवा केंद्रवाला, बाजार समिती व आपली सोसायटी यांच्याशी असलेला संबंध तोडू नये. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागण्यात शहाणपण नाही.

तीन : नवे औषध, नवे यंत्र वा नवा सल्ला आधी एका कोपऱ्यात, अर्ध्या एकरावर पाहावा व शेजारी नेहमीच्या पद्धतीचा तुकडा ठेवावा. गुंतवणूकदार टप्प्याटप्प्याने पैसे घालतो. आपणही त्याच शहाणपणाने वागावे.

चार : यंत्र विकत घेताना कंपनी बंद पडली तर दुरुस्ती कोण करील आणि सुटे भाग कोठे मिळतील, हे विचारून घ्यावे.

पाच : सातबारा, आधार व बँक खात्याचा तपशील कोणत्या कामासाठी मागितला जातो ते विचारावे. कोणासही ओटीपी सांगू नये.

सहा, आणि ही सर्वांत महत्त्वाची : स्टार्टअपचे भाग घ्या, दोन वर्षांत दसपट होतील, असे सांगून कोणी गावात पाच-पंचवीस हजार रुपये गोळा करू लागल्यास त्यास एक पैसाही देऊ नये. सेबीच्या नियमांप्रमाणे साहस-भांडवलाच्या निधीत साधारणपणे एका गुंतवणूकदाराची किमान रक्कम १ कोटी रुपये असते, आणि खासगी कंपनीस आम जनतेस भाग घेण्याचे आवाहन करता येत नाही. सबब गावोगाव फिरून असे पैसे गोळा करणारा मनुष्य साहस-भांडवलवाला नव्हे. त्याची माहिती पोलिसांस द्यावी.

नवे तंत्र आपल्या शेतीस हवे आहे, आणि ते आणणाऱ्या तरुणांस भांडवलही हवे आहे. त्यांतील काहींचे उद्योग फळतील, पुष्कळांचे फळणार नाहीत. या भांडवलाची जातच तशी आहे. ज्याच्याजवळ वीस डाव आहेत त्याने साहस करावे. ज्याच्याजवळ एकच शेत व एकच खरीप आहे त्याने त्या साहसाचा लाभ घ्यावा. मात्र आपले शेत त्या डावावर लावू नये.